नंबर नसलेलं पाखरू

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
विरेशचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू आधी दाजींना हाक मारशील आणि म्हणशील, की ह्याचं डोकं फिरलंय, खिशात फोन असताना पोस्टाची पेटी शोधत हिंडतंय. डोकं फिरलंय हे खरं, पण पत्र त्यामुळे नाही. वकीलबाईंनी सांगितलंय, की फोनवर हवापाण्यापलीकडं काही बोलायचं नाही. आणि मला हवापाण्याचं बोलता येत नाही हे तुला माहीत आहेच की.

वकील कशाला लागली ते सांगतो. शांतपणे सांगायचं ठरवलंय. जिथं राग येईल तिथं मी ओळ सोडून पुढं जाईन, तू समजून घे.

तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा आप्पा दोन महिने मला नावानं हाक मारत नव्हते. चिंचोळीत ड्रोनच्या कारखान्यात लागलो तेव्हा परत विरेश झालो. आमच्याकडं दोन शेड आहेत. पुढच्या शेडमध्ये उसावर, केळीवर फवारणी करायचे ड्रोन. त्यांना मोटारसायकलसारखा सरकारी नंबर असतो. मागच्या शेडला हिरवा पडदा, फोन दारातच काढून ठेवायचा. तिथली यंत्रं लष्कराच्या चाचणीसाठी बनतात. त्यांना नंबर नसतो, कारण नंबर देणाऱ्या नियमांतच लिहिलंय, की लष्कराच्या यंत्रांना हे नियम लागू नाहीत. आम्ही त्यांना पाखरू म्हणतो. पाखराचे पंखे ज्या दांड्यांवर बसतात, त्या दांड्या जोडायचं माझं काम.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. भस्माची तीन बोटं ओढली, फूल वाहिलं, ज्यानं त्यानं आपापल्या यंत्रावर श्री काढला. आमचा जुना फिटर बिरप्पा चेष्टेनं म्हणाला, की बिनानंबरचं लेकरू गर्दीत हरवतं, ह्याच्यावर काहीतरी खूण करा रे. मी मार्कर घेतला आणि एका पाखराच्या दांडीला आतल्या अंगानं, झाकण बसलं की कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक नाव लिहिलं. इफ्रा.

आता तुला निम्मं कळलं. विजापूर वेशीत राहणाऱ्या गैबीसाब टेम्पोवाल्यांची ही मुलगी. एका साप्ताहिकात बातमीदार आहे. आमच्या होस्टेलचं पाणी बंद केलं होतं तेव्हा ती बातमीला आली होती आणि मी गेटवर चढून ओरडत होतो. तिनं मला खाली उतरायला लावलं, का तर वर बघून लिहिताना तिची मान दुखत होती. त्याला तीन वर्षं झाली.

आता उरलेलं निम्मं. पाण्यावर गेलं की आमच्या पाखराचा धागा तुटतो, म्हणजे ते चालवणाऱ्याचं ऐकेनासं होतं. हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही वरच्या साहेबांना दोनदा लिहून दिलं होतं. तरी २८ ऑक्टोबरला उजनी धरणाच्या फुगवट्यावर चाचणी ठरली. मी आदल्या दिवशी इफ्राला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं, मी सांगितलं. माझं नाव तिच्या तोंडून कधी येणार नाही, असा शब्द तिनं तेव्हा दिला.

पाखरू पडलं ते गोजाबाईच्या जाळ्यात. काठावरच्या मासे धरणाऱ्या घरातली बाई. जाळं फाटू नये म्हणून तिनं ते हातानं ओढून काढलं आणि बॅटरी पेटली. दोन्ही तळहात भाजले.

इफ्रा तेव्हा काठावरच होती. तिनं मग ज्याला त्याला विचारलं, की हे यंत्र कुणाचं. एका ऑफिसातून उत्तर आलं, लष्करी असेल तर आमचे नियम लागत नाहीत. लष्कराच्या ऑफिसातून आलं, चाचणीचं यंत्र ताब्यात घेईपर्यंत ते आमचं नसतं. कारखाना म्हणाला, आम्ही फक्त फवारणीचे बनवतो. तिनं ही तिन्ही उत्तरं एकाखाली एक छापली. मग त्याच कारखान्यानं तक्रार दिली, की हिनं लष्कराच्या गुप्त यंत्राचे फोटो काढले. गोजाबाईच्या हातांचा प्रश्न आला की ते लष्कराचं नाही, आणि फोटोचा प्रश्न आला की लष्कराचं.

(इथं एक ओळ सोडली.)

सहा तारखेला तिचा फोन जप्त झाला. त्यात एक न छापलेला फोटो निघाला. तुटलेली दांडी, तिचं आतलं अंग, अक्षर माझं, नाव तिचं. तो छापला असता तर पाखरू आमच्याच शेडचं हे त्याच दिवशी सिद्ध झालं असतं. तिनं छापला नाही आणि मला सांगितलंही नाही. आता ठाण्यात तिला एकच विचारतात, तुझं नाव त्यावर कुणी लिहिलं, आत तुझं कोण आहे. ती म्हणते, बातमी देणाऱ्याचं नाव मी सांगत नसते. तिच्यासाठी लावलेल्या वकीलबाई म्हणतात, असं गप्प राहायचा पत्रकाराचा हक्क आपल्याकडं कुठल्या कायद्यात सरळ लिहिलेला नाही. गप्प राहते ती स्वतःच्या जिवावर. अटक कधीही होईल.

मी जाऊन सांगणार आहे, की मी लिहिलं. तू नको म्हणशील, म्हणून आधी कळवतोय. आप्पांना सांगू नकोस.

राग कर हवा तेवढा, पण माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा
विरेश


कुर्डुवाडी
दि. २४ नोव्हेंबर २०२५

चि. विरेश यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, की आपला मेव्हणा राग आल्यावर ओळ सोडायला शिकला म्हणजे कॉलेज सोडून काहीच शिकला नाही असं म्हणता येणार नाही. त्यांचं हसणं मनावर घेऊ नकोस. वर्कशॉपमधून येऊन तुझं पत्र ते स्वतः परत एकदा वाचत बसले होते.

इफ्राचं मला नवीन नाही रे तम्मा. तीन वर्षं तुझ्या प्रत्येक बोलण्यात एक पत्रकार यायचा. एका पत्रकारानं असं सांगितलं, एक पत्रकार तसं म्हणत होता. गेल्या पंचमीला तू चुकून बोलून गेलास, की गर्दीत पत्रकाराच्या बांगड्या फुटल्या. मी भाकरी थापत होते, म्हणून तोंड फिरवून हसले. मला काय वाटतं ते पुढं बोलू. आप्पांना काय वाटेल तेही पुढं. आधी पोरगी सुटू दे.

काल रविवार होता, दाजींच्या गाडीवर बसून फुगवट्याकडं जाऊन आलो. गोजाबाईला बघितलं. दोन्ही हात कापडात गुंडाळलेले, सून घास भरवते. मी विचारलं, दुखतं का, तर म्हणाली, दुखतंय की, पर दुखन्याचं कुनी इचारत न्हाय. हितं येतो त्यो, फोटू कुनी काढला ह्येच इचारतो. हात कसा भाजला म्हनून इचारनाऱ्या तुमीच. मग मी तुझ्या इफ्राचं नाव काढलं. तशी म्हणाली, व्हय, ती पोर लई गुनाची, तिनं आदी मला पानी पाजलं, मंग वही काढली. दारात जाळं वाळत पडलंय. त्याला ठिगळ घालणारे हात त्या घरात तेवढेच होते.

आता तुझं. जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. तिला विचारल्याशिवाय जाऊ नकोस, असं म्हणते. आपल्या घरात तू एकटाच असा, की ज्याला वाटतं खरं बोललं की काम झालं. पाचवीत तू बाईंना खरं सांगितलं होतंस, की शरणबसवनं नक्कल केली आणि तीही तुझ्याच वहीतून. मार दोघांनी खाल्ला होता. खरं कुणापुढं बोलतोय आणि तो काय लिहून घेतोय, हेही बघावं लागतं.

शब्द तिनं दिलाय. तो सोडायचा की नाही हेही तिच्याच हातात राहू दे.

छोटी विचारते, मामा पत्रात चित्र का काढत नाही. जेवत जा, आणि तापलास तर कागदावर तापत जा, आम्ही वाचू.

तुझी
अक्का


सोलापूर
दि. ३ डिसेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
विरेशचा सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं होतं. तेवढं आधी लिहून ठेवतो.

शुक्रवारी दुपारी कंबर तलावावर इफ्राला भेटलो. तिनं शेंगापोळी आणली होती, त्यातली अर्धी मला दिली. मी म्हटलं, मी ठाण्यात जातो. ती नाही म्हणाली. मी परत म्हटलं, ती परत नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, तुझं कॉलेज जसं अर्ध्यात सुटलं तसं एकदा बोलणं पण अर्ध्यात सोडून बघ. मग नीट सांगितलं. तू आलास तर एकटा येत नाहीस, म्हणाली. आज तुझं नाव फुटलं, तर उद्या चिंचोळीतला, सूतगिरणीतला, दवाखान्यातला कुठलाच माणूस मला काही सांगायला येणार नाही. दांडी ठाण्यात जमा आहे, अक्षर आज ना उद्या ते स्वतःच तपासतील, तेव्हा तुला विचारतील, तेव्हा वकिलाला घेऊन बोल. तोवर थांब. मी कपाळावरच्या भस्माला हात लावून शब्द दिला.

सोमवारी तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. ठाण्यातून कसा बाहेर गेला ते कुणी सांगत नाही. खाली लिहिलं होतं, लष्कराच्या ड्रोनवर हिचं नाव कसं. अक्का, बातमी कुणी वाचली नाही. नाव वाचलं, आणि नावावरून जे ठरवायचं ते ठरवलं. मंगळवारी मी विजापूर वेशीतून जात होतो. गैबीसाबचाचांच्या टेम्पोच्या मागं कुणीतरी खडूनं घाण लिहून ठेवलं होतं. चाचा ओल्या फडक्यानं पुसत होते. मला बघून म्हणाले, गाडी धो रहा हूँ, और क्या. घरात पण तेच सांगितलं त्यांनी, गाडी धुतली म्हणून. मी पुढं चालत गेलो ते सरळ ठाण्यात.

साहेब चांगले बोलले. खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. पाण्यावर धागा तुटतो, दोनदा लिहून दिलं, तरी उडवलं, नाव मी लिहिलं, खबर मी दिली, गोजाबाई. साहेब मान हलवत ऐकत होते. पेन टेबलावर होतं. मग त्यांनी विचारलं, ह्या मुलीला कधीपासून ओळखतोस. मी म्हणालो, तीन वर्षं, आणि माझं तिच्यावर प्रेम आहे, लग्न करणार तर तिच्याशीच. मला वाटलं एकदा कुणापुढं तरी हे मान वर करून सांगावं.

तेव्हा त्यांनी पेन उचललं.

वाचून दाखवलं ते असं होतं, की सदर तरुणास प्रेमसंबंधाची फूस लावून त्याच्याकडून गुप्त माहिती काढून घेण्यात आली. मी म्हणालो, फूस नाही, मी आपणहून सांगितलं. तीन वर्षं मी तिच्या मागं हिंडतोय. साहेब म्हणाले, भाषा आमची असते बाळा, मजकूर तुझाच आहे. आणि म्हणाले, नशीबवान आहेस, तू आरोपी नाहीस, साक्षीदार आहेस. जानेवारीत मॅजिस्ट्रेटपुढं जबाब द्यायचा.

वकीलबाईंनी फोन केला. एवढंच विचारलं, प्रेम हा शब्द तू उच्चारलास का. मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

आता यंत्र कुणाचं हे कुणी विचारत नाही. जो तो विचारतो, पोरगी कुणाची. पाचवीतली गोष्ट तू मला का आठवून दिलीस, आणि दिलीस तर माझ्या डोक्यात ती मंगळवारपर्यंत का टिकली नाही.

लोभ मागायला तोंड नाही. राहिला असेल तर राहू दे.

विरेश


सोलापूर
९ डिसेंबर २०२५

विरेश,

तुझ्या अक्कासारखी सुरुवात मला करता येत नाही. अब्बू पत्र लिहिताना आधी खैरियत विचारतात, म्हणून विचारते. तू बरा आहेस का.

उद्या अकरा वाजता मी अटकपूर्व जामिनाच्या कागदावर सही करणार आहे. तिसरी अट अशी आहे, की आरोपीनं साक्षीदारांशी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संपर्क ठेवायचा नाही. साक्षीदार क्रमांक एक तू आहेस. म्हणून आज लिहिते. हे पत्र अम्मीच्या चुलतभावाच्या हातात देते, तो संध्याकाळच्या आत तुझ्याकडं पोचवेल. उत्तर देऊ नकोस.

आमच्या साप्ताहिकानं माफी छापली. संपादक म्हणाले, तूच लिहून दे, तुझं मराठी स्वच्छ आहे. मी दिली नाही, मग त्यांनी लिहिली. दिलगीर चुकलंय त्यात, वेलांटी ऱ्हस्व हवी तिथं दीर्घ. तुला सांगते कारण मला हे आता दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

तू मला वाचवायला गेलास हे मला कळतं. पण महिनाभर मी एक दार दोन्ही हातांनी लावून धरलं होतं, आणि तू आतून कडी काढलीस. ते दार तुझ्या एकट्यासाठी नव्हतं रे. काल मागच्या शेडमधल्या एका माणसानं निरोप पाठवला, की माझा नंबर खोडून टाका.

एक माझीही चूक आहे, ती उद्याच्या आत सांगायला हवी. तो फोटो मी तुझी नोकरी जाईल म्हणून दडवला असं तुला वाटत असेल. मी पण स्वतःला तेच सांगत होते. खरं वेगळं आहे. दांडी फाकवून बघितली, नाव दिसलं, आणि मला हसू आलं. दहा पावलांवर गोजाबाई ओरडत होती, आणि मला हसू आलं. दोन क्षणच. मग लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी तो फोटो झाकला. बातमीदार म्हणून दुसऱ्या दिवशी छापायला हवा होता. छापला असता तर आज प्रश्न यंत्राचाच राहिला असता. तेव्हा सगळा दोष उचलून घेऊ नकोस. तुला सवय आहे.

मॅजिस्ट्रेटपुढं पोलीस नसतात. शपथेवर बोलायचं असतं. तुला तिथं एकदाच बोलायला मिळेल. आधी यंत्राबद्दल सांग. पाणी, धागा, दोन चिठ्ठ्या, तारखा. गोजाबाईचं पूर्ण नाव आणि गाव सांग, कुठल्याच सरकारी कागदावर ते अजून आलेलं नाही. माझ्याबद्दल विचारतील. खोटं बोलू नकोस आणि जास्त बोलू नकोस. आपलं खरं एका वाक्यात बसतं. तुला नेहमी चार लागतात.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही. उद्या अकरानंतर तो असला तर जामीन रद्द होईल.

इफ्रा


सोलापूर
दि. १६ जानेवारी २०२६

ती. सौ. अक्कास,
विरेशचा सा. न. वि. वि.

इफ्राचं पत्र मागं तुला पाठवलं होतं, ते तुझ्याकडंच ठेव. माझ्याजवळ सापडलं तर तिला अडचण.

पाच तारखेला जबाब झाला. मॅजिस्ट्रेटबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, शपथ दिली, कुणाचा दबाव आहे का विचारलं. मी चाळीस मिनिटं यंत्राबद्दल बोललो. धागा तुटणं म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मी सांगितलं तसंच लिहिलं. चिठ्ठ्यांच्या तारखा लिहिल्या. गोजाबाईचं नाव, गाव, दोन्ही हात, सगळं लिहिलं. मग इफ्राचं विचारलं. मी म्हणालो, तिनं विचारलं नव्हतं, मी आपणहून सांगितलं. बाईंनी विचारलं, आणखी काही. अक्का, माझ्याकडं किती होतं ते तुला माहीत आहे. मी नाही म्हणालो.

गोजाबाईचं प्रकरण आता कुठं नोंदलं गेलंय. तिच्या बाजूनं वकीलबाईच अर्ज करणार आहेत. इफ्राच्या कागदावरची फूस मात्र जात नाही. वकीलबाई म्हणतात, ती उलटतपासात जाईल, आणि उलटतपास यायला पाच वर्षं लागतील, सहाही लागतील. तोवर अट तशीच. नोकरी गेली हे तुला दाजींनी सांगितलंच असेल. आप्पांना सगळं कळलंय. ते रागावले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना विचारलं, त्या पोरीकडं कुणी जातं येतं का. मी म्हणालो, आपल्यातलं कुणी जाऊ शकत नाही. मग त्यांनी ताट सारलं.

संक्रांतीच्या यात्रेत, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला आप्पांबरोबर गेलो. नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. मुठीत अक्षता धरून उभा होतो, आणि समोर दोरीपलीकडं, रसवंतीच्या कट्ट्यावर ती उभी. कुणाचा तरी कॅमेरा गळ्यात होता. कुठल्या पेपरसाठी, देव जाणे, तिला आता कुणी पेपर नाही. पंधरा पावलं असतील. बारीक झाली आहे. तिनं कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं, सरळ बघितलं, जसं ती बातमीत एखादी गोष्ट पक्की करायला बघते तसं.

दोरीला धरून ठाण्यातलाच शिपाई उभा होता, मला चहा आणून देणारा. तो तिच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं. मी एक पाऊल टाकलं असतं तर जामीन तिचा गेला असता. माझं काहीच जात नाही, अक्का. नोकरी सोडली तर अख्ख्या प्रकरणात माझं काहीच जात नाही.

मी पाठ फिरवली. सनई वाजली, अक्षता पडल्या, हजारो माणसांची तोंडं एकीकडं आणि माझं एकट्याचं उलटीकडं. शेजारच्या म्हाताऱ्यानं खांदा धरून मला वळवायला बघितलं, म्हणाला, देव तिकडं हाय की लेका. मी वळलो नाही. ती किती वेळ बघत राहिली, की लगेच गेली, मला माहीत नाही. मी तिला विसरलो असं तिला वाटलं असेल तर तसंच वाटू दे, शिपायालाही तसंच वाटलं असेल.

तू एकदा तिच्याकडं जाऊन ये, तिच्या अम्मीला भेट, असं लिहायला बसलो होतो. मग अट आठवली. अप्रत्यक्ष म्हणजे तूच.

तेव्हा तू मलाच लिहीत जा. तुझ्या लोभावर अजून कुणी अट घातलेली नाही.

तुझा
विरेश